सिग्नलवरची हिरवी जाळी की फुटपाथवरचा निंब?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकला की सिग्नलवर हिरवी जाळी ताणली जाते. काम एका दिवसाचं, गाडीवर थांबलेल्याला तेवढाच आराम. पण जाळी नुसतं ऊन अडवते, गरम झळा तशाच अंगावर येतात. वळवाच्या वादळात तर तिच्या चिंध्याच होतात.

निंबाला सावली धरायला काही वर्षं लागतात. मात्र चैत्रात नवी पालवी फुटली की ऐन उन्हाळ्यात तो गच्च असतो, पानांतून बाष्प सोडून भोवतीची हवाही निववतो. पायी चालणाऱ्याला, भाजीवालीला हाच हवा. आमच्या गल्लीत थेट बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेत, पाणी मुरणार कुठून? (गुलमोहर दिसतो छान, पण वाऱ्यात फांद्या मोडतात.) यंदा जाळी बांधाच, पण निंबाचे खड्डेही पावसाआधी खणून ठेवा.