शिवराई ऑनलाइन लिलावातून घ्यावी का? काही महिने वापरल्यावरचा अनुभव

दिवाळीच्या आसपास मी नाण्यांच्या ऑनलाइन लिलावाचं एक अ‍ॅप वापरायला लागलो. तेव्हापासून जवळजवळ दर आठवड्याचा लिलाव पाहतोय, अधूनमधून बोलीही लावतो. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने अशा बऱ्याच ठिकाणी दिसतं. नवीन संग्राहकांना, विशेषतः महाराजांवरच्या प्रेमापोटी पहिलं नाणं शोधणाऱ्यांना, हे कळावं म्हणून सविस्तर लिहितोय.

शिवराई म्हणजे महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. त्यातली दुदांडी शिवराई हे आपल्याकडे अगदी सहज मिळणारं जुनं नाणं आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, नाण्यांच्या प्रदर्शनात टेबलांवर या शिवराया ताटलीत ढिगाने पडलेल्या असतात. साधारण अवस्थेतली शंभर-दीडशे रुपयांत मिळते, चार-पाच एकदम घेतल्या तर आणखी कमी. हीच शिवराई अ‍ॅपवर हजार-दीड हजारांपासून सुरू होते आणि कधीकधी त्याच्याही वर जाते. नाण्यात काही वेगळं असतं म्हणून नव्हे. वर्णनात लिहिलेलं असतं: ‘छत्रपती शिवाजी महाराज, राज्याभिषेक, 1674, अतिदुर्मिळ’.

फोटो मोठा करून पाहिला की सगळं स्पष्ट होतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर रेघा. या दोन रेघा म्हणजेच दुदांडी. अक्षरं जाड, बसकी, बऱ्याचदा ‘शिव’चं ‘सिव’ किंवा ‘शीव’ झालेलं, काही नाण्यांवर तर अर्धी अक्षरं चकतीच्या बाहेरच गेलेली. महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवराई सुरू केली हे खरंच आहे. पण पुढे सातारच्या गादीच्या काळात, पेशवाईत, तेच नाव आणि तोच मजकूर ठेवून नाणी पाडली जात राहिली. परवान्यावर चालणाऱ्या टांकसाळी गावोगावी होत्या, प्रत्येकीचा कारागीर वेगळा, म्हणून अक्षरांत इतका फरक. दुदांडी ही त्यातली उशिराची, पेशवाईच्या उत्तरार्धापासून कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळापर्यंतची. सुरुवातीच्या शिवराया वजनाला जड, अक्षरं नेटकी, कडेने ठिपक्यांचं वर्तुळ. दुदांडी बहुतेक वेळा दहा ग्रॅमच्या आत भरते. विकणाऱ्याने वजन दिलंच नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारा.

मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. दीडशे वर्षं महाराजांचं नाव नाण्यावर चालू राहिलं ही केवढी मोठी गोष्ट आहे! नंतरच्या राज्यकर्त्यांना ते नाव बदलावंसं वाटलं नाही, बाजारात लोकांचा विश्वास त्या नावावर होता. दुदांडीची खरी कहाणी ही आहे आणि ती सांगितली तरी नाणं आनंदाने घेण्यासारखं आहे. त्याऐवजी सरसकट 1674 चिकटवून, माणसाच्या श्रद्धेवर किंमत चढवली जाते. एखादा विद्यार्थी खाऊचे पैसे साठवून बोली लावतो आणि त्याला चुकीच्या शतकातलं नाणं मिळतं.

होनाच्या बाबतीत प्रकार याहून वाईट आहे. शिवाजी महाराजांचा खरा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ज्ञात. लिलावात ‘होन’ म्हणून जे सर्रास येतं ते सोन्याचं पाणी दिलेली प्रतिकृती असते. ‘प्रतिकृती’ हा शब्द वर्णनाच्या अगदी तळाशी, पाठवणीच्या नियमांखाली.

आता पैशांचा हिशेब. समजा बोली चारशेला थांबली. माझ्या अ‍ॅपवर खरेदीदाराकडून वीस टक्के कमिशन घेतात, म्हणजे ऐंशी रुपये. त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी, चौदा रुपये चाळीस पैसे. पोस्टाचे शंभर. चारशेचं नाणं दारात येईपर्यंत पाचशे चौऱ्याण्णव रुपये चाळीस पैशांना पडतं. दहा हजारांच्या नाण्याला पोस्टाचे शंभर रुपये जाणवत नाहीत, स्वस्त नाण्याला हे सगळं डोईजड होतं. साध्या नाण्यासाठी लिलाव मुळातच परवडत नाही, वर्णन अगदी प्रामाणिक असलं तरी.

बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली असतात, फक्त पहिलं-शेवटचं अक्षर दिसतं. कडेला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच असलेली एक शिवराई मी नीट लक्षात ठेवली होती. ती चांगल्या बोलीला ‘विकली गेली’ आणि दोन आठवड्यांनी त्याच फोटोसह परत लिलावात आली. घेणाऱ्याने पैसे भरले नसतील, किंवा बोली विकणाऱ्याच्या घरचीच असेल. कारण काहीही असो, पहिल्या वेळचा तो फुगलेला आकडा मात्र ‘मागील विक्री’ म्हणून नोंदीत राहिला आणि पुढचे लोक तोच भाव धरून चालले.

इतर साध्या नाण्यांचंही असंच चालतं. राणी व्हिक्टोरियाचा 1862 चा रुपया जुना दिसतो म्हणून महाग विकतात. प्रत्यक्षात तेच साल कायम ठेवून पुढे कितीतरी वर्षं रुपये पाडले गेले, म्हणून तो भरपूर मिळतो. त्यात ठिपक्यांवरून काही प्रकार खरोखर दुर्मिळ आहेत, पण ते ओळखायला अभ्यास लागतो. 1985 च्या एक रुपयावर सालाखाली ‘एच’ असेल तर ते नाणं बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेलं, आपल्याकडे टंचाई होती म्हणून बाहेरून मागवलेलं, आणि भरपूर मागवलेलं. वैष्णोदेवीची 2012 ची पाच आणि दहाची नाणी लाखाला जातात ही तर शुद्ध अफवा. जुनी नाणी-नोटा घेण्या-विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनेही ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं होतं.

अ‍ॅपच्या बाजूने सांगायचं तर फोटो उत्तम असतात, दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात. पाकीट नेहमी वेळेत आलं. संस्थानी नाण्यांतले काही प्रकार मला इथेच मिळाले, जे प्रदर्शनात फिरून दिसले नसते, आणि त्यांचे भाव रास्त होते. खरोखर दुर्मिळ माल असेल तर जाणकार बोली लावतात, तिथे किंमत बऱ्यापैकी बरोबर ठरते.

एक तक्रार फोटोवरून कळत नाही. तांब्याची नाणी चिंच किंवा पितांबरी लावून घासलेली असतात. हातात घेतल्यावर नवीन भांड्यासारखा लालसर रंग, अक्षरांच्या खोबणीत पांढरट पावडर. वर्षानुवर्षांचा चॉकलेटी-काळा थर गेला की नाण्याची किंमत पडते आणि तो थर परत येत नाही. आता मी बोलीआधी ‘साफ केलंय का’ असं लेखी विचारतो. काही विक्रेते सरळ उत्तर देतात, त्यांच्याकडूनच घेतो.

वर्णनांबद्दल मी अ‍ॅपवाल्यांना वजन, फोटो, दुदांडीच्या रेघा असं सगळं दाखवून लिहिलं. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं आणि लिलावातल्या त्या एका नाण्याचं ‘शिवकालीन’ बदलून ‘मराठा, उत्तरकालीन’ केलं. बोली त्या वेळी एकशे ऐंशीवर थांबली. पुढच्या लिलावात दुसऱ्या विक्रेत्याच्या दुदांडीवर पुन्हा 1674 होतं. त्याबद्दलही लिहिलंय, उत्तर अजून यायचंय. तुम्हाला असं वर्णन दिसलं तर तुम्हीही जरूर लिहा, आणि पहिली शिवराई घ्यायची असेल तर रविवारी जुन्या बाजारात जाऊन हातात घेऊन, वजन करूनच घ्या.