करातून आरोग्यसेवा की विम्यातून?

ब्रिटनने 5 जुलै 1948 पासून करातून चालणारी सेवा उभी केली. जर्मनीत 1883 च्या कायद्यापासून कामगार आणि मालक मिळून आरोग्य विम्याच्या निधीत पैसे भरतात. आज मूळ दर पगाराच्या 14.6 टक्के, निम्मा-निम्मा; वर प्रत्येक निधीची थोडी जादा वर्गणी.

ब्रिटनमध्ये खर्चाला सरकारच लगाम घालतं. अंदाजपत्रक ठरलं की रुग्णालयांना त्यातच भागवावं लागतं. बिलाची धास्ती नाही, पण टंचाई रांगेतून दिसते: गुडघा, मोतीबिंदू अशा शस्त्रक्रियांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. ही रांगही एक किंमतच आहे, फक्त ती पैशात नाही तर वेदनेत मोजली जाते, आणि हिशेबात कुठेच दिसत नाही. मला हे फार खटकतं.

जर्मनीत खाटा भरपूर, तज्ज्ञ निवडायची मोकळीक. मात्र रुग्णालयांना प्रत्येक केसमागे ठरावीक रक्कम मिळते, त्यामुळे केसेस वाढवण्याचा मोह राहतो. खर्चही ब्रिटनपेक्षा जास्त. शिवाय वर्गणीचा भार मुख्यतः पगारावर; काम करणारे घटले की निधी आटतो.

तरी निवड करायचीच तर मी कराच्या बाजूने. नोकरी असो वा नसो, दार उघडंच राहतं. अट एकच: सरकारने हात आखडता घेऊ नये.