हाफ क्राउन घ्यायचा, पण कोणत्या युद्धातला?

हाफ क्राउन म्हणजे अडीच शिलिंगचं जुनं ब्रिटिश नाणं. १९१६चा एक आणि १९४३चा एक, दोन्ही शेजारी ठेवा. आकार तोच, वजनही तेच: १४.१४ ग्रॅम. तराजू इथे काहीच सांगत नाही, सांगतं ते साल. पहिल्यात ९२.५ टक्के चांदी, म्हणजे १३ ग्रॅमच्या किंचित वर. दुसऱ्यात निम्मी, जेमतेम ७ ग्रॅम. पहिलं महायुद्ध संपल्यावर चांदी एवढी भडकली की नाण्यातला धातू नाण्याच्या दर्शनी किमतीपेक्षा महाग झाला, म्हणून १९२० मध्ये ब्रिटनने चांदी निम्म्यावर आणली. आपल्या रुपयावर ही पाळी वीस वर्षांनी, १९४० मध्ये आली.

तेव्हा चांदीसाठीच घेत असाल तर प्रश्नच नाही, १९१४ ते १८ची नाणी घ्या. विकणारा दोन्हींना ‘जुनं ब्रिटिश चांदीचं नाणं’ म्हणून एकच भाव सांगत असेल, तर १९१९ आणि १९२० यांच्या मधली रेघ लक्षात ठेवा.

जमवण्याची गोष्ट मात्र वेगळी. पहिल्या युद्धाची पाच वर्षं आणि हाफ क्राउन, फ्लोरिन, शिलिंग, सहा पेनी अशी चार नाणी: २० नगांत संच पुरा. पण ही नाणी वर्षानुवर्षं खिशाखिशांतून फिरलेली. पाचव्या जॉर्जचा चेहरा बहुतेकांवर गुळगुळीत झालेला असतो, आणि न झिजलेल्याला चांगले पैसे पडतात.

दुसऱ्या युद्धाचा संच मोठा, ३५ नगांचा. १९३९ ते ४५ ही सात वर्षं, आणि शिलिंग दोन तऱ्हेचे. सहाव्या जॉर्जची राणी स्कॉटिश घराण्यातली, तिच्या मानाखातर इंग्लिश शिलिंगच्या जोडीला स्कॉटिश शिलिंगही पाडला. इंग्लिशवर सिंह मुकुटावर उभा आहे. स्कॉटिशवर तो मुकुटावर बसून थेट आपल्याकडे बघतो, एका पंजात तलवार, दुसऱ्यात राजदंड. मला हा दुसरा सिंह जास्त आवडतो, जरा घाबरल्यासारखा दिसतो म्हणून. चांगल्या अवस्थेतली नाणी इथे तुलनेने स्वस्त मिळतात.

तीन पेनीचं इवलं चांदीचं नाणं मी मोजणीत धरलेलं नाही. १९४२ ते ४४ची वसाहतींसाठी पाडलेली, आणि १९४५ची तर जवळजवळ सगळी वितळवली गेली. त्याच्या मागे लागलात तर संच पुरा व्हायचा नाही.

आपल्या दृष्टीने एक बारीक गंमत दोन्हींत सारखीच आहे. हाफ क्राउनच्या मागच्या बाजूची लॅटिन अक्षरं वाचा: ‘इंड इम्प’. भारताचा सम्राट. स्वातंत्र्यानंतर ती नाण्यांवरून गेली.

आणि कुठलंही घ्या, घरी आणून रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासू नका. काळवंडलेलं नाणं चालतं. घासलेल्याला संग्राहक हात लावत नाहीत.

मला विचाराल तर सुरुवात दुसऱ्या युद्धाच्या शिलिंगांनी करा. वर्षाला दोन, म्हणजे चौदा नाणी. एवढ्यात मन रमतं की नाही ते कळेल. पहिल्या युद्धाचा हाफ क्राउन एकच घ्या, पण राजाच्या दाढीचे केस मोजता येतील असा.