मेण लावलेली चेन : पुरंदरच्या फुफाट्यापासून मोरोक्कोच्या वाळूपर्यंत

गेला पावसाळा संपल्यापासून मी माझ्या माउंटन बाइकच्या चेनला तेल लावणे बंद केले असून त्याऐवजी वितळवलेले पॅराफिन मेण वापरत आहे. पुरंदर आणि माण तालुक्यांतल्या कोरड्या वाटा, बोपदेव घाटातला नित्याचा सराव आणि अखेरीस मोरोक्कोतली ‘टायटन डेझर्ट’ ही सहा टप्प्यांची शर्यत एवढे सगळे या मेणावर पार पडले आहे, त्यामुळे आता या पद्धतीविषयी ठामपणे काही लिहिता येईल असे वाटते. मत आधीच सांगते. वाळवंटातल्या अनेक दिवसांच्या शर्यतीसाठी मला तेलापेक्षा मेण कितीतरी सरस वाटले. मात्र त्याचा खरा उपयोग घरूनच मेण लावून नेलेल्या जादा चेन सोबत असतील तरच होतो. केवळ थेंबाथेंबाने लावायच्या मेणाची बाटली घेऊन तिथे जाणाऱ्याला तो लाभ अर्धाच मिळेल.

ज्यांना ही शर्यत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर स्पॅनिश आयोजकांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला आग्नेय मोरोक्कोत होते. सहा टप्प्यांत मिळून सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापायचे असते आणि रात्रीचे मुक्काम वाळवंटातल्या तंबूंच्या छावणीत असतात. अंतराचा आकडा ऐकून सह्याद्रीत सराव करणाऱ्यांना फारशी धास्ती वाटणार नाही, कारण आपल्याकडच्या चढांच्या मानाने तिथला बराचसा भाग सपाट आहे. खरी अडचण जमिनीची आहे. एकाच दिवसात दगडगोट्यांनी भरलेले उघडे पठार, कोरड्या नद्यांची पात्रे, पिठासारखी बारीक धूळ आणि मेरझूगाजवळच्या एर्ग शेब्बीसारख्या भागात शंभर मीटरहून उंच वाळूच्या टेकड्या अशी मालिका लागू शकते. टेकड्यांमध्ये सायकल बहुतेक वेळ ढकलावी किंवा खांद्यावर घ्यावी लागते. त्यातच एका टप्प्याला मॅरेथॉन टप्पा म्हणतात. त्याच्या रात्री आपले मुख्य सामान आपल्यापर्यंत पोहोचत नाही आणि झोपण्याच्या पिशवीसकट जे लागेल ते आपणच पाठीवर वाहून न्यायचे असते.

अशा जमिनीवर तेल का फसते, हे समजण्यासाठी चेन झिजते कशी हे आधी पाहायला हवे. चेन ‘ताणली गेली’ असे आपण म्हणतो, परंतु बाजूच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीच्या आतली पिन आणि ती जिथे फिरते तो भाग घासला जातो, प्रत्येक सांध्यात किंचित सैलपणा येतो आणि तो शंभराहून अधिक सांध्यांत मिळून चेन लांब झाल्यासारखी दिसते. तेल ओले असते आणि सांध्यात आतपर्यंत झिरपते. त्याच वाटेने ते धुळीलाही आत घेऊन जाते. वाळवंटातली वाळू मुख्यत्वे क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झ पोलादाला सहज ओरखडे पाडू शकते, त्यामुळे तेल आणि वाळू यांच्या मिश्रणातून पॉलिश करण्याच्या लेपासारखे काहीतरी तयार होते आणि ते नेमके पिनवर काम करत राहते. मेण मात्र थंड झाल्यावर घट्ट आणि कोरडे असते. बाहेरच्या बाजूला वाळू बसली, तरी ती चिकटून न राहता मेणाच्या पापुद्र्यांसह गळून पडते आणि आतले मेण जागेवर राहते.

घरची प्रक्रिया वेळखाऊ आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. नव्या चेनवर कारखान्यातून आलेले ग्रीस पूर्ण निघाले नाही, तर मेण धातूला धरत नाही. त्यामुळे झाकणाच्या बरणीत रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन घालून चेन त्यात हलवायची, ते काळे झाले की बदलायचे, टर्पेंटाइन स्वच्छ राहू लागेपर्यंत हे करायचे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन कोरडी करायची. मेण मेणबत्त्यांचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून रंग किंवा सुगंध नसलेले साधे पॅराफिन घ्यावे. चेनच्या एका चांगल्या तेलाच्या छोट्या बाटलीच्या किमतीत किलोभर मेण येते आणि ते अनेक महिने पुरते. मेण थेट गॅसवर कधीही वितळवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे ठेवले, की मेण पेट घेईल इतके तापतच नाही. फक्त पाण्याचा शिंतोडा वितळलेल्या मेणात जाणार नाही, याकडे लक्ष ठेवायला हवे. तारेच्या आकड्याला अडकवलेली चेन वितळलेल्या मेणात सोडली, की सांध्यांतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते. बुडबुडे थांबेपर्यंत चेन हलवत राहायचे, मग आच बंद करून मेणावर पातळ साय धरू लागेपर्यंत थांबायचे आणि तेव्हाच चेन बाहेर काढायची. फार गरम असताना काढली तर बरेचसे मेण ओघळून जाते. थंड झालेली चेन काठीसारखी ताठ होते, म्हणून सायकलवर चढवण्यापूर्वी प्रत्येक सांधा वाकवून मोकळा करावा लागतो.

हे सगळे पहिल्या वेळीच कष्टाचे वाटते. एकदा चेन ग्रीसमुक्त झाली, की पुढच्या वेळी ती उकळत्या पाण्यात बुडवून जुने मेण आणि धूळ काढायची, वाळवायची आणि पुन्हा मेणात सोडायची. मी तीन चेन आळीपाळीने वापरते आणि तिन्ही उतरल्या की एका संध्याकाळी एकत्र मेण लावते. एका चेनमागे वेळ मोजला, तर तेल लावून दर आठवड्याला फडक्याने पुसत बसण्याच्या तुलनेत हा व्याप फारसा जास्त नाही. शिवाय हात, पायाच्या पोटऱ्या आणि घरातली फरशी काळी होत नाही. फ्लॅटमध्ये सायकल ठेवणाऱ्याच्या दृष्टीने आणि त्याच्या घरच्यांच्या दृष्टीनेही ही काही लहान गोष्ट नाही.

दख्खनच्या कोरड्या मोसमात मेणाचा अनुभव जवळजवळ निर्दोष होता. मुरुमाच्या वाटांवर आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी फुफाटा केलेल्या गाडीवाटांवर सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत एका लेपनावर चेन शांत चालते. मेण संपत आले, की ती कोरडी चूंचूं करू लागते आणि हा आवाज दुर्लक्ष करता येण्यासारखा नसतो. मला ही सूचना सोयीची वाटते, कारण तेल लावलेली चेन आतून झिजत असतानाही वरवर गप्प असते. मेणामुळे घर्षण कमी होऊन शक्ती वाचते, असे प्रयोगशाळेतल्या चाचण्या दाखवतात, परंतु हा फरक मला पायांत जाणवला असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. माझ्या लेखी मेणाचे मोल झीज आणि स्वच्छता यांसाठीच आहे.

शर्यतीसाठी मी ताज्या मेणाच्या तीन चेन नेल्या. त्या घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत, गुंडाळी फार आवळून न बांधता ठेवल्या. विमानप्रवासात टर्पेंटाइन किंवा अल्कोहोलसारखी ज्वलनशील द्रवे नेता येत नाहीत आणि छावणीत मेण वितळवण्याची सोय गृहीत धरता येत नाही, त्यामुळे जी काही मेहनत आहे ती पुण्यातच संपवावी लागते. सोबत पाण्यात मिसळलेल्या मेणाची, म्हणजे थेंबाथेंबाने लावायच्या मेणाची लहान बाटली आणि क्विक लिंकचे, म्हणजे चेनची दोन टोके जोडणाऱ्या आणि उघडता येणाऱ्या कडीचे, पुरेसे जोड ठेवले. बारा गिअरच्या चेनचे क्विक लिंक एकदाच वापरावेत, अशी प्रमुख उत्पादकांची सूचना आहे. सरावात मी ते दोन-तीनदा वापरते, पण शर्यतीत प्रत्येक वेळी नवीनच लावले. क्विक लिंक उघडण्याची पक्कड मात्र विसरू नये, कारण वाळूने जाम झालेला लिंक हाताने उघडत नाही.

पहिल्या दगडाळ टप्प्यांत तेलवाले आणि मेणवाले यांच्यात फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो मऊ वाळूत. हल्लीच्या बारा गिअरच्या सायकलींचे मागचे सर्वांत मोठे चक्र पन्नास किंवा त्याहून अधिक दात्यांचे असते, त्यामुळे मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, पिंजरा लांब असतो आणि जमिनीच्या फार जवळ येतो. चाक वाळूत रुतले, की तो पिंजरा आणि त्यातल्या छोट्या चकत्या अक्षरशः वाळू नांगरत जातात आणि चेनचा खालचा पदर वाळूतूनच निघतो. टेकड्या ओलांडून कठीण जमिनीवर आल्यावर आजूबाजूच्या सायकलींमधून जी करकर ऐकू येत होती, ती ऐकून दातांवर शिरशिरी यावी. माझी सायकलही आरंभी करकरत होती, परंतु मागचे चाक दोन-तीनदा हलके आपटून आणि पेडल उलटे फिरवून बरीचशी वाळू झडली आणि काही किलोमीटरांत आवाज थांबला. थांब्यावर अनेक स्पर्धक चेनवर आणखी तेल ओतत होते. तेवढ्यापुरता आवाज दबतो खरा, पण आत गेलेली वाळू बाहेर येत नाही, उलट पुढच्या वाळूला धरून ठेवण्यासाठी ओल मिळते. दिवसभर उन्हात दमलेल्या माणसाला तो आवाज नकोसा होतो, हे मी समजू शकते.

संध्याकाळची कामे मेणामुळे फार कमी झाली, हा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो. टप्प्यांच्या शर्यतीत विश्रांतीचा प्रत्येक तास मोलाचा असतो. जेवण, पाणी, पायांची काळजी आणि दुसऱ्या दिवसाचा मार्ग समजून घेणे यांत संध्याकाळ निघून जाते, आणि सायकल धुण्यासाठी रांगेत उभे राहण्याची इच्छा कोणालाच नसते. मी कोरड्या ब्रशने चेन, चकत्या आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) झाडून, कोरड्या फडक्यातून चेन फिरवून थेंबांचे मेण लावून ठेवत असे. या मेणातले पाणी उडून जायला काही तास लागतात. आपल्याकडे दमट हवेत ते सकाळपर्यंत अर्धवट ओले राहते, पण वाळवंटाच्या हवेत रात्रीतून खडखडीत वाळत होते. मॅरेथॉन टप्प्याच्या आदल्या रात्री पूर्ण ताजी चेन चढवली आणि सोबत फक्त छोट्या कुपीत थोडे मेण घेतले. जादा चेनचे वजन पाव किलोच्या आसपास असते आणि तेवढे वजन पाठीवर वाहण्याऐवजी तेवढे पाणी वाहावे, असे माझे मत आहे.

उन्हात मेण वितळत नाही का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. साध्या पॅराफिनचा वितळणबिंदू साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस असतो. हवेचे तापमान चाळिशीत असले, तरी फिरत्या चेनला वारा लागतो, त्यामुळे मेण ओघळलेले मला दिसले नाही. दुपारी उन्हात उभ्या करून ठेवलेल्या सायकलीच्या चेनवरचे मेण मात्र बोटाला किंचित मऊ लागत होते, आणि मऊ मेण धूळ धरते. मेण ठिसूळ होऊ नये म्हणून काही जण त्यात थोडे द्रव पॅराफिन मिसळतात. मीही हिवाळ्यात ते मिसळत होते, परंतु त्याने मिश्रण आणखी मऊ होते, म्हणून वाळवंटासाठीच्या मेणात ते मुद्दाम घातले नाही. तिथे हा निर्णय योग्य ठरला, असे वाटते.

आता दोषांकडे वळते. मेण पावसाळ्यासाठी निरुपयोगी आहे. ताम्हिणी किंवा मुळशीच्या बाजूला एकदा भिजून आले, की पाणी मेणाच्या भेगांतून धातूपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यांवर तांबूस गंज दिसतो. तेलासारखे ते पुन्हा पसरून उघडा भाग झाकत नाही. पावसाळ्यासाठी मी वेगळी, तेल लावलेली चेन ठेवते, कारण एकदा तेल लागलेल्या चेनवर मेण लावायचे तर टर्पेंटाइनचा सगळा सोपस्कार पहिल्यापासून करावा लागतो. दुसरा दोष असा की, रस्त्यात कोणाकडून उसने मागण्याची सोय राहत नाही, कारण ज्याच्या-त्याच्याकडे तेलच असते. आठवड्यातून एकदा हौसेने सायकल चालवणाऱ्याने एवढा खटाटोप करावा, असे मी म्हणणार नाही. त्याने सौम्य तेल लावावे आणि प्रत्येक फेरीनंतर चेन नीट पुसावी.

झीज मोजायला महागडे साधन लागत नाही. पोलादी पट्टीने बारा इंच लांबीच्या कड्या मोजाव्यात आणि ती लांबी १/१६ इंचाने वाढली की चेन सुमारे ०.५ टक्का झिजली असे धरावे. बारा गिअरच्या चेन या टप्प्यावर बदललेल्या बऱ्या, नाहीतर त्या कॅसेटचे दातेही खातात, आणि कॅसेटची किंमत अनेक चेनएवढी असते. सरावाचे महिने आणि शर्यत झाल्यावर माझ्या तीनपैकी दोन चेन या मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत. तिसरी, जी वाळूच्या टेकड्यांच्या टप्प्यात चढवलेली होती, ती मर्यादेच्या जवळ पोहोचली आहे. याचा अर्थ मेण वाळूला पूर्णपणे हरवत नाही, एवढाच मी घेते. त्याआधीच्या वर्षी तेलावर चालवलेली चेन माणच्या वाटांवर एका उन्हाळ्यातच बाद झाली होती. ही तिसरी चेन आता घरच्या ट्रेनरवरच्या (जागच्या जागी सराव करण्याच्या स्टँडवरच्या) सायकलीला लावली आहे आणि उरलेल्या दोन पुढच्या कोरड्या मोसमासाठी मेणासकट डब्यात ठेवल्या आहेत.