बँकॉकची लोकल वाहतूक: गाड्या झकास, सांधे कच्चे

बँकॉकमध्ये स्कायट्रेन (खांबांवरून धावणारी रेल्वे), मेट्रो, विमानतळाची रेल्वे आणि नदीवरच्या बोटी अशी पर्यटकाच्या कामाची चार मुख्य साधनं आहेत. एकेक सुटं पाहिलं तर दहापैकी आठ गुण सहज द्यावेत. गाड्या वेळेवर येतात, डबे स्वच्छ असतात आणि एसी इतका कडक की अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. घोळ होतो तो एकातून दुसऱ्यात बदलताना, आणि नवखा माणूस नेमका तिथेच अडकतो.

सुरुवात सुवर्णभूमी विमानतळापासून. एअरपोर्ट रेल लिंकचं स्टेशन तळघरात आहे. शेवटच्या फया थाई स्टेशनापर्यंत 45 बाथ (थाई चलन) आणि साधारण अर्धा तास लागतो. फया थाईला स्कायट्रेन मिळते. मेट्रो हवी असेल तर आधी मक्कासानला उतरून फेत्चबुरी स्टेशनात चालत जायचं. एकटा माणूस आणि एक बॅग असेल तर हाच मार्ग उत्तम. चौघं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर सरळ टॅक्सी करा. पहिल्या मजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावरच्या क्रमांकाच्या रांगेत आपली गाडी उभी असते. मीटर 35 बाथपासून सुरू होतं, वर विमानतळाचे 50 बाथ आणि एक्स्प्रेसवेचा टोल प्रवाशानेच द्यायचा. टोल मागितला म्हणजे फसवलं, असं नव्हे. चिठ्ठी मात्र ड्रायव्हरच्या हाती देऊन टाकू नका. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

आता सांधे. स्कायट्रेन 1999 ला सुरू झाली, मेट्रो 2004 ला, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांकडे. त्यामुळे जिथे दोन्ही मार्ग भेटतात तिथे बहुतेक स्टेशनांची नावंही जुळत नाहीत. स्कायट्रेनचं असोक तेच मेट्रोचं सुखुमवित. साला देंग म्हणजे सिलोम. मो चितच्या खाली चतुचक पार्क. या तीन जोड्या मोबाइलमध्ये लिहूनच ठेवा. नाव सापडलं तरी गेटमधून बाहेर पडून, जिना उतरून दुसऱ्या मार्गाचं नवीन तिकीट काढावं लागतं. एकाच शहरात एकाच प्रवासाला दोनदा किमान भाडं भरायला लावणं ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव, आणि तिला गुण कापावेच लागतात.

तिकिटांचं असं आहे: स्कायट्रेनचं सुटं तिकीट पातळ कार्डाचं असतं, बाहेर पडताना गेट ते गिळून टाकतं. जुन्या यंत्रांना फक्त नाणी चालतात. शेजारच्या नकाशावर आपल्या स्टेशनापुढचा आकडा बघायचा, तेवढ्या बाथचं बटण दाबायचं आणि नाणी टाकायची. नोट असेल तर आधी खिडकीवर सुट्टे घ्यावे लागतात, आणि संध्याकाळी तिथल्या रांगेतच दहा मिनिटं जातात. स्कायट्रेननेच जास्त फिरणार असाल तर आधी पैसे भरून वापरायचं रॅबिट कार्ड घ्या. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. मात्र हे कार्ड मेट्रोच्या ब्लू लाइनच्या गेटवर चालत नाही. तिथे प्लास्टिकचं टोकन घ्या किंवा व्हिसा, मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटवर टेकवा. भारतीय कार्ड इथे बहुधा एकाच कारणाने अडतं: परदेशातले कॉन्टॅक्टलेस व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये बंद असतात. निघण्यापूर्वी घरीच ते चालू करा. आत जाताना टेकवलेलं कार्डच बाहेर पडताना टेकवायचं, नाहीतर हिशेब जुळत नाही. आणि नवराबायकोला एका कार्डावर जाता येत नाही, माणशी एक कार्ड.

प्लॅटफॉर्मवर दिशा शेवटच्या स्टेशनाच्या नावाने लिहिलेली असते. सुखुमवित लाइनला उत्तरेकडे खू खोट आणि दक्षिणेकडे खेहा, एवढं ध्यानात ठेवलं की उलटी गाडी पकडली जात नाही. सियामला दोन्ही स्कायट्रेन मार्ग भेटतात, तिथे मात्र तिकीट बदलावं लागत नाही. अख्ख्या शहरात असंच असायला हवं होतं.

सगळ्यांत जास्त गुण नदीला. स्कायट्रेनने साफान ताक्सिनला उतरलं की खालीच साथॉर्नचा धक्का. बोटींना झेंड्यांच्या रंगावरून ओळखायचं. नारिंगी झेंड्याची साधी बोट, कुठेही उतरा, 16 बाथ. निळ्या झेंड्याची पर्यटकांसाठीची, बरीच महाग. धक्क्यावर निळ्या बोटीचं तिकीट जोरात ओरडून विकलं जातं आणि नवखे तिकडेच वळतात. नदी दोन्हीकडून तीच दिसते. था तिएनच्या धक्क्याला उतरलं की वाट फो (थाईत 'वाट' म्हणजे मंदिर) समोर, 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध तिथे आहे. पलीकडे वाट अरुणला जायला त्याच धक्क्यावरून छोटी फेरी मिळते. बोट धक्क्याला टेकते ती अर्ध्या मिनिटापुरती. मागच्या टोकावरचा माणूस शिट्टी वाजवत दोर टाकतो आणि लगेच सोडतो. उतरायचं असेल तर आधीपासून मागे येऊन उभं राहा. अंधार पडल्यावर झेंड्यांच्या साध्या बोटी थांबतात, मग परतायला सनाम चाय मेट्रो स्टेशन जवळ आहे.

ग्रँड पॅलेसच्या भिंतीपाशी कुणी गोड बोलून "आज बंद आहे" म्हणाला तर उत्तर न देता पुढे चला. तिकीट खिडकी सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडी असते, आणि ती गेटपाशी जाऊनच बघायची. तो गोड माणूस मग ज्या टुकटुकमध्ये (तिथल्या रिक्षात) बसवू बघतो तिचं भाडं हास्यास्पद कमी असतं, कारण रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक नेलं की ड्रायव्हरला तिथून कमिशन मिळतं.

कालव्यातली सेन सेप बोट ही हौसेची गोष्ट. स्वस्त आहे, ट्रॅफिकला चकवते, पण पाणी काळं आणि वास दांडगा. कडेला बसलात तर समोरून बोट येताना प्लास्टिकचा पडदा दोरीने वर ओढणं हे तुमचं काम. लांबच्या प्रवासात प्रतुनामला बोट बदलावी लागते, तिकीट तोवर जपून ठेवा.