मोरोक्कोत कुठून शिरायचं? कासाब्लांका, मराकेश की टँजियर

मोरोक्कोचं तिकीट काढताना बहुतेक जण फक्त भाडं बघतात. मी म्हणेन, आधी पहिल्या संध्याकाळचा विचार करा. झोप झालेली नाही, बॅग ओढताय, आणि अशात जुन्या शहराच्या बोळांत मुक्काम शोधायचा आहे का?

मराकेशचा विमानतळ गावापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. कागदावर हाच सगळ्यात सोपा. खरी परीक्षा पुढे आहे. टॅक्सीवाला मनाला येईल ते भाडं सांगतो. बसण्याआधीच ठरवून घ्या, नाहीतर १९ नंबरची बस थेट जमा अल-फनाच्या चौकाजवळ सोडते. मदिनेच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या गावाच्या, बहुतेक गल्ल्यांत गाडी शिरत नाही. तिथून हातगाडीवर सामान टाकून पायी जायचं. वाटेत एखादा पोरगा ‘तो रस्ता बंद आहे’ सांगून स्वतःच वाट दाखवायला निघतो आणि दारात पैसे मागतो. ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणून चालत राहायचं. त्यापेक्षा रियादवाल्यांनाच (रियाद म्हणजे अंगणाचं जुनं घर, आता हॉटेल) माणूस पाठवायला सांगा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कासाब्लांका शहर म्हणून मला फारसं भावत नाही. १९९३ साली पुरी झालेली, समुद्रालगतची हसन दुसरा मशीद सोडली तर पर्यटकासाठी तिथे फार काही नाही. पण उतरायला उत्तम! मुंबईहून आखातात विमान बदलून इथे येता येतं. विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब असला तरी रेल्वे स्टेशन टर्मिनलच्या पोटातच आहे. शहरातल्या कासा वॉयाजर स्टेशनला गाडी बदलली की तीनेक तासांत मराकेश. आईवडील सोबत असतील तर मी डोळे झाकून हाच मार्ग धरेन, फक्त पहिली रात्र कासाब्लांकातच काढेन.

स्पेनची सहल जोडली असेल तर टँजियर. स्पेनच्या तारिफाहून बोटीने साधारण तासाभरात बंदर, आणि वर लगेच मदिना. तिथल्याच अल्जेसिरासची बोट मात्र टँजियर मेड बंदराला लागते, ते शहरापासून चाळीसेक किलोमीटर दूर. शेंगेन व्हिसा (स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक) एकदाच प्रवेशाचा असेल तर स्पेनला परतता येणार नाही. इथे भले भले फसतात. टँजियरमधूनच १३२५ मध्ये प्रसिद्ध प्रवासी इब्न बतुता निघाला, पुढे दिल्लीत तुघलकाचा काझी झाला. आपल्या दौलताबादचंही वर्णन त्याने लिहून ठेवलंय. टँजियरहून कासाब्लांकाला अल-बोराक ही वेगवान गाडी दोन तासांच्या थोडं वर घेते.

कुठूनही शिरलात तरी ई-व्हिसाची छापील प्रत हाताशी असू द्या. ड्रोन घरीच ठेवा, कस्टमवाले काढून घेतात. दिरहम, म्हणजे तिथलं चलन, देशाबाहेर सहसा मिळत नाहीत, आणि २,००० पेक्षा जास्त आत-बाहेर नेताही येत नाहीत. विमानतळावरच्या एटीएममधून काढा. शाकाहाऱ्यांनो, सात भाज्यांच्या कुसकुसचा (रव्याच्या बारीक दाण्यांचा पदार्थ) रस्सा बऱ्याचदा मटणाचा असतो. टँजियरच्या बाजूला सकाळी बिसारा मिळतं, वाळलेल्या बाकल्याचं (फावा बीन्सचं) दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं. आणि रमजानमध्ये देशाचं घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हा बोटीची वेळ दोन्ही किनाऱ्यांच्या हिशोबाने तपासून घ्या.