परिमेय फलाची घातश्रेणी: टेलर, भूमितीय श्रेणी की सरळ भागाकार?

परिमेय फल, म्हणजे बहुपदी भागिले बहुपदी, घातश्रेणीत, म्हणजे क्ष च्या चढत्या घातांच्या न संपणाऱ्या बेरजेत, मांडायचं म्हटलं की हात आधी टेलरच्या सूत्राकडे जातो, म्हणजे एकामागून एक विकलजं (derivatives) काढून सहगुणक मिळवण्याकडे. माझ्या मते तो शेवटचा पर्याय असावा. १/(१+क्ष²) घ्या. पहिलं विकलज −२क्ष/(१+क्ष²)², दुसरं (६क्ष²−२)/(१+क्ष²)³. चौथ्यापर्यंत जाईतो पान भरतं, आणि सर्वसाधारण पद काही दिसत नाही.

भूमितीय श्रेणीला एकच गोष्ट पुरते: |र| < १ असताना १/(१−र) = १+र+र²+र³+… र च्या जागी −क्ष² ठेवा, १−क्ष²+क्ष⁴−क्ष⁶+… हाती येतं, |क्ष| < १ या मर्यादेसकट. वर शून्यापाशी दहावं विकलज फुकट: टेलरच्या सूत्रात क्ष च्या दहाव्या घाताचा सहगुणक म्हणजे दहावं विकलज भागिले १०!; तो इथे −१, म्हणून ते −१०! = −३६,२८,८००. टेलरने हे काढून पाहाच!

अट एकच, छेद १ पासून सुरू व्हावा. १/(२+क्ष) मध्ये आधी २ बाहेर काढा. उरतं (१/२)·१/(१+क्ष/२), मर्यादा |क्ष| < २. इथेच घसरायला होतं, २ तसाच ठेवून पुढे जातात. केंद्र १ हवं असेल, म्हणजे क्ष ऐवजी (क्ष−१) चे घात हवे असतील, तर १/(३−क्ष) चा छेद २−(क्ष−१) असा लिहा, बाकी तेच.

छेदाचे अवयव पडत असतील तर आंशिक अपूर्णांक करा, म्हणजे एकेका अवयवाच्या सोप्या अपूर्णांकांत फोडा. १/((१−क्ष)(१−२क्ष)) = २/(१−२क्ष) − १/(१−क्ष), म्हणून सहगुणक १, ३, ७, १५… (१−क्ष)² सारखा दुहेरी अवयव आला तर मूळ श्रेणीचंच विकलन: १+२क्ष+३क्ष²+…

आता १/(१−क्ष−क्ष²). अवयवांत √५ घुसतो. पहिली पाच-सहा पदंच हवी असतील तर कशाला त्या भानगडीत पडायचं? लहान घात आधी लिहून भागाकार करा: १+क्ष+२क्ष²+३क्ष³+५क्ष⁴… सहगुणक म्हणजे फिबोनाचीच की, प्रत्येक संख्या आधीच्या दोघांची बेरीज! सर्वसाधारण पदाचं सूत्र हवं असेल तर मात्र √५ ला पर्याय नाही.

भागाकार अभिसरणाबद्दल, म्हणजे क्ष च्या कोणत्या किमतींना श्रेणी खरी ठरते याबद्दल, चकार शब्द काढत नाही. त्यासाठी संक्षिप्त रूपातल्या (सामाईक अवयव काढलेल्या) छेदाचं, केंद्राला सर्वांत जवळचं मूळ शोधा. १−क्ष−क्ष² साठी ते शून्यापासून सुमारे ०.६१८ अंतरावर आहे. काल्पनिक मुळंही मोजायची. १+क्ष² वास्तव रेषेवर कुठेच शून्य होत नाही, तरी १/(१+क्ष²) ची श्रेणी १ पाशी अडते, कारण √−१ शून्यापासून १ अंतरावर बसलेलं आहे.